जागा घरची, म्हणून फुकट?

मागच्या अंकात मी 'संधीखर्च' या शब्दावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली सहा इथे घेते आहे. तो अंक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते : एक गोष्ट निवडली की दुसऱ्या काही हातच्या जातात. त्या सोडलेल्यांपैकी जी सगळ्यात चांगली, तिची किंमत म्हणजे निवडलेल्या गोष्टीचा संधीखर्च. जुन्या क्रमिक पुस्तकांत याला 'वैकल्पिक परिव्यय' म्हणत. कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं शिकवताना मी पाहिलं, मुलं तो शब्द पाठ करत आणि अर्थ वर्गातच ठेवून घरी जात. म्हणून यावेळी व्याख्या पुरे. तुमच्याच पत्रांतले आकडे घेऊन बोलू. पत्रं जागेअभावी कापली आहेत, आकड्यांना हात लावलेला नाही.

*

*बाई, नारायण पेठेत आमच्या घराच्या तळमजल्यावर मी सहा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. महिन्याची विक्री साधारण १,८५,००० रुपये. किराणा, भाजी, गॅस, वीज, लाटायला येणाऱ्या तिघी आणि डबे पोचवणारा मुलगा यांचे पगार, सगळं धरून १,३७,००० जातात. जागा घरची, भाडं नाही. मिस्टर म्हणतात, धंदा तोट्यात आहे. ४८,००० उरतात, मग तोटा कसला?*
— एक वाचक, नारायण पेठ

ताई, मिस्टरांचं म्हणणं रागाने उडवून लावू नका, आणि लगेच मान्यही करू नका. तुमची वही बरोबर आहे. फक्त तिच्यात दोन ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.

पहिली ओळ जागेची. तुम्हीच पुढे लिहिलं आहे की शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी हीच जागा २४,००० भाड्याने मागितली होती. ते भाडं तुम्हाला कोणाला द्यावं लागत नाही हे खरं. पण ते घेणं तुम्ही दर महिन्याला सोडून देता. दुसरी ओळ तुमची स्वतःची. केंद्र काढण्याआधी तुम्ही एका कार्यालयात हिशोबनीस होतात आणि त्याच कामाला आज २८,००० मिळतील, अशी चौकशी तुम्ही केलेली आहे. दोन्ही मिळून ५२,००० झाले. ४८,००० मधून ५२,००० वजा केले की उणे ४,००० उरतात. मिस्टर ज्याला तोटा म्हणताहेत तो हा. आयकराच्या कागदावर तो कुठेच दिसणार नाही, कारण त्यासाठी एक पैसाही खिशातून बाहेर गेलेला नाही.

आता मान्य का करायचं नाही ते सांगते. २४,००० हा आकडा मुळात कसा आहे? भाडेकरू गेला की नवा येईपर्यंत महिना-दोन महिने कुलूप असतं, दलालाला द्यावे लागतात. वर्षातला एक महिना रिकामा धरला तरी सरासरी २२,००० वर येते आणि तोटा निम्मा होतो. नोकरीचंही तसंच. २८,००० चं ऑफिस हिंजवडीला असेल तर जायचा-यायचा खर्च आणि रोजचे दोन-अडीच तास त्यातून वजा करायला हवेत. उलट बाजूने, केंद्रासाठी तुम्ही पहाटे पाचला उठता आणि रात्री आठला शटर ओढता, हेही मांडायला हवं. सोडलेल्या गोष्टीची किंमत ती गोष्ट घेतली असती तर खरोखर जे हाती पडलं असतं तेवढीच धरायची. कोणी सहज बोलून गेलेला आकडा त्यात चालत नाही.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलं आहे. सासूबाई वर अंथरुणाला खिळून आहेत, आणि हाक आली की तुम्ही दोन मिनिटांत जिना चढून जाता. ताई, ही ओळ वहीत सगळ्यात वर लिहा. नोकरीला गेलात तर दिवसभराची बाई ठेवावी लागेल. तिचा पगार केवढा आहे ते नारायण पेठेत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ती ओळ धरली की माझ्या मते तुमचं केंद्र तोट्यात नाही.

एक गोष्ट मात्र खरंच बदला. जागा फुकट धरून तुम्ही पोळीचा दर ठरवला आहे. म्हणजे तुमचं घर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ताटात थोडे पैसे घालतंय. रोज ४०० पोळ्या जातात असं तुम्ही लिहिता. पोळीमागे एक रुपया वाढवला आणि गिऱ्हाईक टिकलं, तर २६ दिवसांचे १०,४०० होतात.

*

*मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. बी.एस्सी. ॲग्री झालो आणि चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. वय २८. पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. घरून आतापर्यंत साडेपाच लाख आले. आता सोडलं तर सगळं पाण्यात जाईल, म्हणून अजून एक वर्ष द्यावं म्हणतो. गावाकडे एका बियाणे विक्रेत्याकडे १८,००० ची नोकरी आहे. काय करू?*
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सगळ्यात आधी, 'आता सोडलं तर पाण्यात जाईल' हे वाक्य खोडून टाक. ते साडेपाच लाख आणि ती चार वर्षं सोडलंस तरी गेली, नाही सोडलंस तरी गेली. दोन्ही वाटांवर ती सारखीच आहेत, म्हणून वाट निवडताना त्यांचं वजन शून्य. याला बुडीत खर्च म्हणतात. गेलेल्या पैशाचा मान राखायला पुढचे पैसे घालायचे, मग त्यांचा मान राखायला त्याच्या पुढचे. 'बुडत्याचा पाय खोलात' असं आपल्याकडे म्हणतात ते हेच.

हे फक्त तुझ्या बाबतीत होतंय असं समजू नकोस. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी ओहायोमधला एक प्रयोग मांडला. नाटकांच्या वर्षभराच्या तिकिटाला १५ डॉलर पडत. तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्या तसं, ते अचानक सवलतीत दिलं. नाटकं तीच, नाट्यगृह तेच. तरी पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. पैसे तर सगळ्यांचेच देऊन झाले होते. गेलेला पैसा माणसाला मागून ओढतो, तो असा.

आता पुढच्या एका वर्षाचा हिशोब. तू महिन्याला ११,५०० लागतात म्हणतोस. ते सगळे धरू नकोस. जेवायला तू परभणीतही जेवणार आहेस. घरी जेवढे लागले असते ते, समज ३,०००, वजा कर. उरले ८,५००, वर्षाचे १,०२,०००. त्यात सोडलेला पगार, १८,००० प्रमाणे २,१६,०००. म्हणजे अजून एका वर्षाची किंमत ३,१८,००० रुपये आणि कामाचा एका वर्षाचा अनुभव. घरून येणाऱ्या पैशांतले हे १,०२,००० म्हणजे त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. बाकीचे दोन हिस्से कोणी पाठवत नाही, म्हणून ते तुलाही दिसत नाहीत आणि तुझ्या वडिलांनाही नाहीत.

एवढ्या किमतीच्या बदल्यात काय मिळेल ते आता बघायचं. इथे माझ्या विषयातल्या लोकांची एक चूक होते, ती तुझ्यावर लादू इच्छित नाही. चार वर्षांचा पैसा बुडीत आहे, चार वर्षांचं शिक्षण नाही. ते तुझ्याबरोबर पुढे येतं आणि पुढच्या वर्षीची शक्यता बदलतं. म्हणून दोन्ही मुख्य परीक्षांचे गुण काढ. कट-ऑफला पहिल्यांदा किती कमी पडले, दुसऱ्यांदा किती? अंतर निम्म्याच्या खाली आलं असेल तर अजून एका वर्षाला आधार आहे. होतं तिथेच असेल, तर पाचवं वर्ष चौथ्यापेक्षा वेगळं कशामुळे होईल, हे तुला कागदावर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

अभ्यासिकांबाहेर जे फलक लागतात त्यांच्यावर पास झालेल्यांचे फोटो असतात. 'सहा वर्षं चिकाटी ठेवली' असं ते सांगतात आणि ते खरंच असतं. पण तेवढीच चिकाटी ठेवून परत गेलेल्या मुलांचा फलक लागत नाही. तुझ्याच खोलीतल्या, तू यायच्या आधीच्या कॉटवाल्यांची नावं आठव. चिकाटीने काय होतं हे ठरवायला दोन्ही याद्या लागतात.

वडिलांशी बोलताना ३,१८,००० हा आकडा त्यांना सांग. लपवू नकोस. शेतकरी माणूस आहे, कोणतं पीक मोडून कोणतं लावायचं हा हिशोब त्यांनी जन्मभर केला आहे. आणि नोकरी करत एक प्रयत्न द्यायचा, ही तिसरी वाट तुझ्या पत्रात कुठेच नव्हती. ती का नव्हती, याचा विचार कर.

*

*मॅडम, क्लासमध्ये प्रश्न आला : मित्राने बालगंधर्वच्या नाटकाचा पास फुकट दिला. त्याच रात्री दुसरीकडे गाण्याचा कार्यक्रम आहे, तिकीट ४०० रुपये. त्या गाण्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त ५०० द्यायला तयार असता. नाटकाला गेलात तर संधीखर्च किती? पर्याय ०, १००, ४००, ५००. आमच्यात चारही उत्तरं निघाली.*
— बारावी वाणिज्य, कोथरूड

उत्तर १००. गाण्याला गेली असतीस तर तुला ५०० चा आनंद मिळाला असता आणि त्यासाठी खिशातून ४०० गेले असते. निव्वळ हातचे गेले ते १००. नाटक तुला १०० हून जास्त मोलाचं वाटत असेल तर जा, नाहीतर पास परत दे.

तुमच्यात चार उत्तरं निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. याच घाटाचा प्रश्न पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात विचारला होता. तिथे गायक होते एरिक क्लॅप्टन आणि बॉब डिलन. १९९ जणांनी उत्तरं दिली आणि त्यांतली फक्त २१.६ टक्के बरोबर होती. डोळे मिटून चारांतलं एक निवडलं असतं तरी २५ टक्के बरोबर आली असती. पुढे २०१२ मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी दाखवलं की 'खर्च' या शब्दात काय धरायचं यावर पुस्तकांचंच एकमत नाही, आणि व्याख्या बदलली तर चारही उत्तरांची बाजू मांडता येते. म्हणून पेपरात आधी व्याख्या लिही, मग आकडा.

एक चूक मात्र कुठल्याच व्याख्येत बसत नाही. त्या रात्री तू गाणं, सिनेमा, अभ्यास, झोप असं सगळंच सोडलंस म्हणून त्या सगळ्यांची बेरीज करायची नाही. एका रात्रीत त्यातलं एकच झालं असतं.

*

*आमची शेती खेड तालुक्यात, मी चाकणला कंपनीत. वडील म्हणतात पीक जास्त तर पैसा जास्त. पण एका वर्षी आमचा आणि सगळ्यांचाच उन्हाळी कांदा भरघोस आला, आणि हातात आधीच्या वर्षीपेक्षा कमी पैसे पडले. वडिलांचं गणित चुकतं कुठे?*
— एक वाचक, चाकण

वडिलांचं गणित एका शेताला बरोबर आहे, तालुक्याला लावलं की चुकतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पुढचा एक माणूस स्टुलावर चढला तर त्याला मानाचा गणपती नीट दिसतो. सगळेच स्टुलावर चढले तर दिसणं होतं तेवढंच, फक्त सगळ्यांचे पाय दुखतात. एकाला जे लागू ते सगळ्यांना लागू, असं धरणं ही फार जुनी चूक आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी अर्थशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना पहिल्यांदा ज्या चुकांपासून सावध केलं त्यांत ही होती.

कांद्यात ती एवढी का बोचते? कारण कांदा निम्म्या भावाला आला म्हणून मी घरात दुप्पट कांदा चिरत नाही. मागणी फारशी ताणली जात नाही, त्यामुळे माल थोडा वाढला तरी भाव त्याहून जास्त पडतो. तुमच्या एकट्याच्या वीस-तीस पिशव्या वाढल्याने चाकणच्या बाजाराचा भाव हलत नाही. सगळ्यांच्या वाढल्या की हलतो. वडिलांना शक्य असेल तर कांदाचाळीत साठवून माल टप्प्याटप्प्याने काढणं हा एक उपाय आहे. पण सड, घट आणि तोवर अडकलेला पैसा हा त्या चाळीचा संधीखर्च, तोही मांडा.

*

*अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं वह्या-स्टेशनरीचं दुकान आहे. मे महिन्यात एकांनी सांगितलं म्हणून गल्ल्याची दिशा बदलली, आणि जूनमध्ये विक्री दुपटीहून जास्त. अनुभव खोटा कसा म्हणायचा?*
— एक दुकानदार

अनुभव खोटा नाही, दादा. पण जूनमध्ये शाळा उघडतात. मागच्या तीन वर्षांचा मे आणि जून शेजारी शेजारी मांडा, गल्ला जुन्या दिशेला होता तेव्हाचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात.

*

*माझे आजोबा म्हणायचे, पानशेतचा पूर आला म्हणून पुणं वाढलं. जुने वाडे गेले, नव्या वसाहती झाल्या, गवंड्या-सुतारांना वर्षानुवर्षं काम मिळालं. संकटातून शहराचं भलंच झालं. तुम्हाला हे पटतं का?*
— एक वाचक, सहकारनगर

नाही पटत. आणि या पत्राला मी शांतपणे उत्तर देऊ शकेन की नाही, असं मला आधी वाटलं होतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचंही फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. मी सात वर्षांची होते. आम्ही शनिवार पेठेत नदीच्या बाजूला राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. आईचं शिवणयंत्र गेलं होतं. ती ब्लाउज शिवायची, त्यावर घरातलं दूध-भाजी चालायची.

आजोबांनी जे पाहिलं ते खरंच घडलं. गोखलेनगर झालं, तुमच्या सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, गवंड्यांना काम मिळालं. पण ते दिसलेलं झालं. १८५० मध्ये फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच लेखकाने याच गोष्टीचं एक लहानसं उदाहरण दिलं होतं. दुकानदाराच्या मुलाने काच फोडली. जमलेले लोक म्हणाले, असू दे, काचवाल्याला सहा फ्रँक मिळाले, त्याचं पोट चाललं. बास्तिया म्हणतो, त्याच सहा फ्रँकचे दुकानदाराने जोडे घेतले असते, नाहीतर पुस्तक. काचवाला दिसतो. ज्याचे जोडे विकले गेलेच नाहीत तो चांभार कोणाला दिसत नाही. आणि काच फुटली नसती तर दुकानदाराकडे काचही असती आणि जोडेही.

गोखलेनगरला जे सिमेंट लागलं, जे गवंडी लागले, ते दुसरीकडे काहीतरी बांधत असते. कोणी म्हणेल, हाताला काम नसलेले लोकही होते. असतील, त्यांना मजुरी मिळाली हे मी नाकारत नाही. पण ती मजुरी शाळा, रस्ते, नव्या वसाहती बांधूनही देता आली असती, जुनी घरं जागेवर ठेवून. पूर त्याला लागत नव्हता.

आणि पुणं वाढलं ते पुरानंतर वाढलं, म्हणून पुरामुळे वाढलं असं होत नाही. वरच्या दुकानदारांना जे लिहिलं तेच इथेही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधांची कंपनी १९५४ पासून होती, म्हणजे पुराच्या सात वर्षं आधी. १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात कारखाने येत गेले. माणसं त्या कामासाठी आली. वाडे शाबूत असते तरी आली असती.

आता न दिसलेलं. पुरानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे नवं शिवणयंत्र आलं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. शेजारणी बघायला आल्या. त्या दुकानदाराची विक्री झाली, आई पुन्हा शिवायला लागली. 'पुराने का होईना, नवं मशीन आलं' असं कोणीतरी म्हणाल्याचं मला आठवतं. ते पैसे आत्याच्या बी.टी.च्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या, फीचे होते. आत्या बी.ए. झाली होती, एका शाळेत शिकवत होती, आणि प्रशिक्षणासाठी आजीने पोस्टात पैसे साठवले होते. त्या वर्षी ती फी भरली गेली नाही. नंतर तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि ती अप्रशिक्षित शिक्षिकेच्या पगारावर निवृत्त झाली. मी अर्थशास्त्रात एम.ए. करताना तिनेच माझी फी भरली.

मशीन अजून माझ्याकडे आहे. चालतं. तुम्हाला पाहायचं असेल तर या, त्याच्याजवळ आत्याचा पदवीदानाचा फोटो लावला आहे.